‘सिद्ध झाले नाही’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे

भोपाळ म्हटले की आपल्याला १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र आठवते. दरवर्षी मेणबत्त्या लागतात, भाषणे होतात आणि विषय संपतो. माझा आक्षेप इथेच आहे. त्या रात्रीचा वायू हवेत विरला. पण युनियन कार्बाइडने त्याआधी अनेक वर्षे आवारात आणि शेजारच्या तळ्यांत टाकलेला रासायनिक कचरा जमिनीत मुरत राहिला. तो भूजलात उतरला आणि आसपासच्या गरीब वस्त्यांनी तेच पाणी हापशाने उपसून प्यायले.

१९९९ मध्ये ग्रीनपीसने केलेल्या तपासणीत भूजलात क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड, तर कारखान्याच्या मातीत पारा सापडला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा आदेश द्यावा लागला. २०१८ पर्यंत लखनौच्या विषविज्ञान संस्थेच्या तपासण्यांतून दूषित भूजलाच्या वस्त्यांची संख्या ४२ वर गेली.

इतके होऊनही ठरलेले उत्तर मिळते : ‘या पाण्यामुळेच आजार झाले, हे सिद्ध झालेले नाही.’ हे उत्तर विज्ञानाचे नाही, सोयीचे आहे. धोका मोजायचा तर चार प्रश्न विचारावे लागतात. रसायन कोणते? त्याने शरीरात काय बिघडते? किती मात्रा पोटात जाते? आणि किती वर्षे? कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला इजा करते, शिसे मुलांच्या मेंदूला. शिवाय प्रमाणित मर्यादा एकेका रसायनाची ठरते. माणूस मात्र सगळ्यांचे मिश्रण पितो. घरोघर जाऊन नोंदी ठेवायच्याच नाहीत आणि मग पुरावा मागायचा, याला काय म्हणावे?

२०२५ मध्ये ३३७ टन कचरा पीथमपूरला नेऊन जाळला गेला. भोपाळची विषातून सुटका झाली, असे मथळे झळकले. नागपूरच्या ‘नीरी’चा सहभाग असलेल्या २०१० च्या अभ्यासात दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन होता. म्हणजे तीन हजार टनांतला जेमतेम एक टन हलला!

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तपासणीचा अहवाल त्या मोहल्ल्यात, तिथल्या हिंदी-उर्दूत लावा. आजारांची नोंदवही ठेवा. पाणी निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी पिणाऱ्यावर नाही, प्रदूषण करणाऱ्यावर आणि शासनावर आहे. संविधानाच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्कात स्वच्छ पाणी येते. तो हक्क मागायचा सोडून ‘नशिबात होते’ म्हणणारे आपणही या गप्प बसण्याचे भागीदार ठरतो.