‘वाया’ जाणाऱ्या पाण्याचा कांगावा आणि तुकडे झालेले खोरे

पावसाळा संपला की विदर्भातील सभा-संमेलनांत एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘आपल्या नद्यांचे पाणी समुद्राला मिळून वाया जाते.’ बोलणारा सत्तेत असो वा विरोधात, वाक्य तेच राहते आणि टाळ्याही तशाच पडतात. या वाक्यानंतर लगेच कोट्यवधींच्या आकड्याची घोषणा येते. घोषणा झाली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत सारे शांत! ज्या पाण्याच्या नावाने हे सारे चालते ते पाणी निघते कोठून, जाते कोणत्या वाटेने आणि वाटेत काय काय करते, हा साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुका या प्रश्नाचे उत्तर देण्यास अत्यंत योग्य आहे.

एका थेंबाची वाट

मानोऱ्याच्या माळावर पडलेला पाऊस आधी ओघळीत, ओघळीतून नाल्यात आणि नाल्यातून अरुणावतीत उतरतो. अरुणावती वाशिम तालुक्यात उगम पावते, मंगरुळपीर आणि मानोरा हे तालुके ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरते. तेथे दिग्रसजवळच्या अरुणावती प्रकल्पात तिचे पाणी अडते. पुढे ती अडाण नदीला, अडाण पैनगंगेला आणि पैनगंगा वर्धेला मिळते. गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात. त्या संगमापासून पुढे नदीचे नाव प्राणहिता. सिरोंचासमोर कालेश्वर येथे प्राणहिता गोदावरीत विलीन होते. धवळेश्वरम् ओलांडल्यावर गोदावरी फाटे फोडते आणि अंतर्वेदीसारख्या तीर्थक्षेत्री बंगालच्या उपसागराला भेटते. मानोऱ्याचा शेतकरी स्नानाच्या वेळी गोदावरीचे नाव उच्चारतो तेव्हा तो कोणा दूरच्या नदीचे स्मरण करीत नसतो. त्याच्याच बांधावरून निघालेल्या पाण्याचे ते नाव असते.

त्याच वाशिम जिल्ह्याच्या डोंगराळ भागात काटेपूर्णाही उगम पावते. ती मात्र उत्तरेकडे वळून अकोला जिल्ह्यात जाते, पूर्णेला मिळते आणि पूर्णेतून तापीमार्गे सुरतेजवळ अरबी समुद्र गाठते. म्हणजे एकाच जिल्ह्यातील दोन थेंब, मध्ये केवळ एका टेकडीची धार. एक पूर्व समुद्राला जातो, दुसरा पश्चिम समुद्राला. ही धार म्हणजे जलविभाजक. निसर्गाने आखलेली खरी सीमारेषा हीच होय. तिच्या एका बाजूचे जे जे पाणी एका नदीत उतरते, तो सारा प्रदेश म्हणजे त्या नदीचे खोरे. गोदावरीचे खोरे 3 लाख 12 हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. देशाच्या भूभागाचा जवळपास दहावा हिस्सा त्यात मोडतो आणि त्यातील जवळपास निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. स्वतः गोदावरी त्र्यंबकेश्वराला ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही दूर नाही. तरीही ती 1465 किलोमीटर चालून पूर्व समुद्राला जाते, कारण दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. पाणी मंत्रालयाचा आदेश पाळत नाही, ते उताराचा आदेश पाळते.

‘वाया’ म्हणजे नेमके काय?

समुद्राला मिळालेले पाणी वाया गेले, असे म्हणणाऱ्यांनी आधी समुद्रकाठी जाऊन पाहावे. नदी केवळ पाणी वाहत नाही, ती माती वाहते. गोदावरीच्या मुखाशी आंध्रातील भाताचे जे कोठार उभे आहे, ते या मातीनेच घडवले. नदीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला थोपवून धरते, खाडीतील मासळी त्याच्यावर पोसते आणि कांदळवने त्याच्यावर जगतात. वरच्या अंगाला धरणांत गाळ अडू लागला तसा गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागला, असे अभ्यासकांचे निरीक्षण आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीचे पाणी इतके वळवले गेले की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बहुतेक वर्षी ती समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. मध्य आशियातील अरल समुद्राच्या दोन्ही नद्या सोव्हिएत राजवटीने कापसाच्या शेतीकडे वळवल्या आणि डोळ्यांदेखत एक समुद्र आटला. ‘थेंबही समुद्राला जाऊ देणार नाही’ ही प्रतिज्ञा पूर्ण झाली तर काय होते, हे जगाने पाहिलेले आहे.

मग मानोऱ्यात वाया जाते ते काय? वाशिम जिल्ह्यात वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर सुमारे 80 लाख लीटर. पाचशे हेक्टरांच्या लहानशा शिवारावर 40 लाख घनमीटर! हे पाणी थोडे नाही. परंतु ते चार महिन्यांतील मोजक्या दिवसांत कोसळते. खाली काळा पाषाण. त्या बेसाल्टात पाणी मुरते ते भेगांतून आणि झिजलेल्या मुरमातून, तेही सावकाश. वर टेकडीला झाड नाही, गवत नाही, बांध फुटलेले. अशा जमिनीवर तासाभराची सर आली की पाणी मुरण्याआधी धावू लागते आणि धावताना सुपीक माती सोबत नेते. त्या रात्री नाल्याला पूर येतो आणि डिसेंबरात त्याच नाल्यात धूळ उडते.

नदी पावसाळ्यानंतर वाहते ती ढगातल्या पाण्यावर नव्हे, तर जमिनीत मुरलेले पाणी झऱ्यांवाटे हळूहळू पात्रात उतरते त्या बळावर. जमिनीची ही ठेव संपली की नदी मरते. तेव्हा पाणी समुद्राला जाते हे दुःख नाही. एका रात्रीत जाते आणि माती घेऊन जाते, हे दुःख आहे. जे पाणी आठ महिने रेंगाळत, विहिरींना भेटत, गुरांची तहान भागवत जायला हवे, ते आठ तासांत तालुका ओलांडते. हानी समुद्राच्या तोंडाशी होत नाही, ती टेकडीच्या माथ्यावर होते. आणि नेमके तेथे कोणी नारळ फोडायला जात नाही!

नदीचे तुकडे

या अज्ञानाला शासनव्यवस्थेनेच खतपाणी घातले आहे. 2003 च्या राज्य जलनीतीने नदीखोरे हाच नियोजनाचा पाया मानला. 2005 मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि एकात्मिक राज्य जलआराखडा बंधनकारक ठरला. हा आराखडा पुढे अनेक वर्षे झालाच नाही. आराखडा नसतानाही प्रकल्पांना मान्यता देण्याचा कारभार मात्र थांबला नाही आणि अखेर हा विषय उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे न्यावा लागला. कायद्याने ‘नदीखोरे अभिकरण’ म्हणून नेमले कोणाला? तर जुन्याच पाटबंधारे विकास महामंडळांना! पाटी बदलली, दृष्टी बदलली नाही.

पैनगंगेचेच पाहावे. तिच्या मोठ्या वाटेवर एक तीर विदर्भाचा, दुसरा मराठवाड्याचा. इसापूरचे ऊर्ध्व पैनगंगा धरण गोदावरी मराठवाडा महामंडळाकडे आणि त्याच नदीवरचा निम्न पैनगंगा प्रकल्प विदर्भ महामंडळाकडे. उलट विदर्भ महामंडळाच्या एकाच छत्राखाली तापीचे खोरेही आहे आणि गोदावरीचेही. नदी एक, तिचे मालक दोन. खोरी दोन, त्यांचा मालक एक. याला नियोजन म्हणायचे काय? कालेश्वरच्या खाली तेलंगणाने मेडीगड्डा येथे बंधारा उभारला. त्यासाठी 2016 मध्ये दोन राज्यांत करार झाला, 2019 मध्ये उद्घाटन झाले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले. मानोऱ्याचे पाणी ज्या वाटेने जाते, त्या वाटेवरील ही भव्यता चार वर्षे टिकली.

आता वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प येत आहे. सुमारे 426 किलोमीटरचे कालवे आणि 87 हजार कोटींहून अधिक खर्च असलेल्या या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मान्यता दिली. तेव्हा नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा हे सहा जिल्हे लाभक्षेत्र म्हणून जाहीर झाले. आकांक्षित जिल्ह्यांच्या केंद्रीय यादीत 2018 पासून असलेल्या वाशिमचे नाव त्यात नव्हते. कारण उघड आहे. वाशिम माथ्यावर आहे, कालवा पायथ्याने जातो. माथ्यावरच्या गावाला मोठ्या कालव्याचे पाणी उताराच्या न्यायाने मिळत नाही. त्याला आपले पाणी आपल्याच शिवारात थांबवावे लागते. मानोऱ्याच्या मातीचा गाळ दिग्रसच्या धरणात साचतो, ही गोष्ट कोणत्याही लाभक्षेत्राच्या नकाशात दिसत नाही. उगमाकडच्या गावाला नदीच्या कारभारात आवाजच नाही.

दोन टोकांचे दुराग्रह

यावर एक पठडीतले उत्तर तयार असते, ‘धरणे नकोतच.’ महानगरांतील परिसंवादांत हे उत्तर शोभून दिसते. विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष 1984 मध्ये दांडेकर समितीने मोजून दाखवला. कोरडवाहू कापसाच्या भरवशावर उद्ध्वस्त झालेली घरे पश्चिम विदर्भाने पाहिली. त्या शेतकऱ्याला ‘नदीला मुक्त वाहू द्या’ असे सांगणे हा क्रूर विनोद आहे. पाणी अडवणे हा या देशाचा जुना धर्म आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सेतू, तलाव आणि पाणीपट्टी यांचे नियम आहेत. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आजही भाताला पाणी देतात. धुळे-नंदुरबारकडील फड पद्धतीत लोक स्वतःच बंधारे सांभाळीत आणि पाण्याच्या पाळ्या ठरवीत. परंपरेने पाणी अडवले. त्या व्यवस्थेत पाणी अडवणारा आणि वापरणारा एकच समाज होता. ठेकेदार मध्ये नव्हता.

दुसरा दुराग्रह यंत्रांचा. पाणलोटाचे शास्त्र ‘माथा ते पायथा’ असे सांगते: आधी टेकडीवर चर, गवत, झाडे, मग शेतात बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यात बंधारा. प्रत्यक्षात सरकार कोणत्याही पक्षाचे असो, काम सुरू होते ते शेवटापासून. नाल्यात पोकलेन उतरवला की एका आठवड्यात घनमीटर मोजता येतात, देयक काढता येते, छायाचित्र छापता येते. टेकडीवरचे गवत वाढायला तीन वर्षे लागतात आणि त्याचे देयक निघत नाही. परिणामी माथा उघडाच राहतो, तेथील माती खाली येते आणि खोदलेला नाला पुन्हा भरतो. पुढच्या वर्षी पुन्हा पोकलेन!

खोऱ्याचा समाज

हे चक्र मोडता येते, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावातून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा विचार उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातील माणसांच्या प्रमाणात, भूमिहीनालाही वाटा. हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली टेकड्या हिरव्या केल्या, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंधन घातले. दोन्ही ठिकाणी यश सिमेंटचे नव्हते, शिस्तीचे होते.

मानोऱ्याजवळ तर याहून मोठे बळ आहे. पोहरादेवी याच तालुक्यात आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला रामनवमीच्या यात्रेत देशभरातून बंजारा बांधव येतात, तेही ऐन उन्हाळ्यात, पाणी सर्वांत दुर्मिळ असते तेव्हा. 2024 च्या ऑक्टोबरात तेथे बंजारा विरासत वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. बैलांचे तांडे घेऊन ज्या समाजाने शतकानुशतके देशभर धान्य आणि मीठ वाहिले, त्याच्या प्रत्येक मुक्कामाचे गणित पाण्यावर ठरत असे. लाखोंच्या मेळ्याला शिस्त लावणारे हे श्रद्धास्थान अरुणावतीच्या उगमाकडील माथ्यांची जबाबदारी घेऊ शकणार नाही काय? यात्रेच्या निमित्ताने एकेका तांड्याने एकेक टेकडी दत्तक घेतली तर शासनाच्या निविदेची वाट पाहावी लागणार नाही.

शासनाकडे मागणी एकच आणि स्पष्ट हवी: अरुणावतीचे उपखोरे हा नियोजनाचा एक घटक मानावा. वाशिम, मंगरुळपीर, मानोरा, दिग्रस आणि आर्णी येथील ग्रामसभांचे प्रतिनिधी, दोन्ही जिल्ह्यांचे अधिकारी आणि धरणाखालचे लाभधारक एका समितीत बसावेत. माथ्यावरच्या मृद्संधारणाला धरणाच्या खर्चाचाच भाग समजून निधी मिळावा, कारण ती माती थांबली तरच धरण वाचते. प्रत्येक गावाचा पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत वाचला जावा: पाऊस किती पडला, मुरला किती, उपसला किती. आणि नव्या बंधाऱ्याला मान्यता देण्यापूर्वी त्याच्या वरच्या टेकडीवर काय काम झाले, हे तपासले जावे.

कार्यकर्त्यांनी या पावसाळ्यात एक काम करावे. मृगाची पहिली मोठी सर पडल्यावर आपल्या गावच्या नाल्याच्या काठी उभे राहून वाहत्या पाण्याचा रंग पाहावा. पाणी गढूळ असेल तर त्या गावाचे शेत समुद्राकडे निघाले आहे, असे समजावे आणि दुसऱ्याच दिवशी कुदळ-फावडे घेऊन टेकडीचा माथा गाठावा. पाणी समुद्राला जाणारच. ते त्याचे घर आहे. परंतु ते नितळ होऊन आणि सावकाश जावे, हे पाहणे मानोऱ्याच्या हाती आहे. ते मुंबईच्या हाती नाही आणि दिल्लीच्याही नाही.