मातीचा पंचनामा कोण करणार?

जमीन नासतेय हे आता सरकारच सांगतंय. इस्रोच्या २०२१ च्या नकाशासंग्रहात देशातली ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन, म्हणजे जवळजवळ ३० टक्के भूभाग, खालावल्याची नोंद आहे. आकडा खरा मानू. त्यात जंगल, झुडपी रान, कोरडवाहू, बागायत अशी खाती आहेत. पण कुणी नासवली आणि कुणाच्या वाट्याला नासकी आली, याचं खातं नाही. आमचं भांडण तिथं आहे.

कुठलंही गाव वरून खाली बघा. वर माळ आणि गायरान : वीतभर माती, खाली मुरूम. मधे कोरडवाहू. तळाला नदीकाठची काळी कसदार. काळी कुणाची हे गावगाड्यानं कधीच ठरवून टाकलं. १९५८ च्या कायद्यानं महारकी वतन गेलं, पण काळीची वाटणी हलली नाही. म्हणून तर दादासाहेब गायकवाडांना १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारावा लागला. पोटासाठी आमच्या माणसांनी गायरान फोडलं, दगड वेचले, ज्वारी-बाजरी पेरली.

आता कुणी साहेब येतो, या पट्टीतली मूठभर माती नदीकाठच्या काळीशी तोलतो आणि शेरा मारतो : अतिक्रमणानं जमीन बिघडली. ही तुलनाच खोटी. उतारावरची माती नांगर लागण्याआधीही पातळच होती. मापायचं तर एकाच उतारावरची, एकाच खडकावरची माती शेजारी-शेजारी मापा : न फोडलेला माळ, फोडलेला माळ, बांध घातलेली पट्टी. मातीची खोली बघा, सेंद्रिय कर्ब बघा, पाणी किती वेगानं मुरतं ते बघा.

नांगरल्यानं कर्ब घटतो, उघड्या उतारावरची माती पावसात वाहून जाते, हे आम्ही नाकारत नाही. आमच्या पट्टीतही हेच घडतं. पण उद्या उठवणार म्हटल्यावर आज दगडी बांध कोण घालील? १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं कबूल केलं. तरी तहसीलचे हेलपाटे सुटले नाहीत. सातबारा नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून बांध नाही, बांध नाही म्हणून धूप. आणि धुपीचा ठपका पुन्हा आमच्याच डोक्यावर!

आता खाली उतरा. सांगली-कोल्हापूरकडं कृष्णाकाठी उसाला इतकं पाणी पाजलं की निचऱ्याविना जमिनीतले क्षार वर आले. विद्युत वाहकता ४ च्या वर गेली की माती खारवट. सामू साडेआठच्या आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की चोपण. सोन्यासारखी काळी अशी पांढरी पडली. तिथं कुणी अतिक्रमण म्हणत नाही, बुलडोझर आणत नाही. तिथं जमिनीखाली निचऱ्याचे पाइप गाडायच्या योजना येतात. येऊ द्या, माती सुधारलीच पाहिजे. मग तोच न्याय माळाला का नाही? त्याच उसाच्या फडात कोयता चालवायला बीडकडची माणसं येतात, ती कोरडवाहू पिकवत नाही म्हणूनच ना?

शहरातल्या पोरांनो, तुमची झोपडपट्टी याच धुपलेल्या मातीतून आलीय. सुट्टीत गावी जाल तेव्हा टिकाव घेऊन पट्टीवर जा. आठ-दहा ठिकाणी १५ सेंटिमीटर खोल खड्डे घ्या, माती एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. थैलीवर गट नंबर लिहा आणि कसणाऱ्याचं नाव लिहा. २०१५ पासून सरकार मृदा आरोग्य पत्रिका वाटतंय. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याची पत्रिका कुठाय, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. माळाची आणि बागायतीची माती एकाच टेबलावर ठेवा. कसणाऱ्याला सातबारा आणि बांधाला पैसा, या दोन मागण्या त्या टेबलावरूनच करायच्या आहेत.