भरायची खिडकी, काढायची खिडकी

जुगार वाईट असतो हे सांगायला मी आज बसलेलो नाही. ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि खेळणाऱ्याला तर सगळ्यांत जास्त. वडीलधाऱ्यांनी तेच तेच ऐकवलं की तरुण मंडळी मान डोलावतात आणि मोबाईल घेऊन गच्चीवर जातात. मला जरा वेगळं म्हणायचं आहे. ऑनलाइन जुगारात लबाडी कुठे असते हे पाहायचं असेल तर पत्त्यांकडे बघू नका, जिंकलेले पैसे काढायच्या खिडकीकडे बघा.

पैसे भरायला काय लागतं? यूपीआयचा पिन आणि दहा सेकंद. कोण तुम्ही, कुठले, वय काय, पैसे कोणाचे, याची फारशी विचारपूस नाही. काढायला गेलं की मात्र पॅन आणा, आधार आणा, रद्द केलेला चेक आणा. अमुक रकमेच्या खाली काढता येणार नाही, दिवसाला तमुकच्या वर काढता येणार नाही. शिवाय पडद्यावर दोन आकडे दिसतात, एक ‘एकूण शिल्लक’ आणि दुसरा ‘काढता येण्याजोगी शिल्लक’. दोन्हींत बरंच अंतर असतं, कारण मधे ‘बोनस’ नावाची चीज असते, जी खेळता येते पण काढता येत नाही. मी इतकी वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं, त्यामुळे मला हे असं दिसतं: भरायच्या खिडकीवर सगळी क्रियापदं आज्ञार्थी आणि काढायच्या खिडकीवर सगळी संकेतार्थी. तिकडे ‘भरा, खेळा, जिंका’. इकडे ‘जर कागदपत्रं मान्य झाली असती, तर...’

हा सगळा कारभार ढिसाळ आहे म्हणून असं होतं, असं समजू नका. उशीर हाच धंदा आहे. पैसे काढायची विनंती केली की ती दोन-तीन दिवस ‘प्रक्रियेत’ राहते, आणि तेवढा वेळ शेजारी ‘विनंती रद्द करा’ असं बटण चमकत असतं. रात्री अकरा वाजता, झोप येत नसताना, ते बटण किती माणसं दाबत नसतील? पैसे पुन्हा खेळात, आणि खेळातून कंपनीकडे.

इंग्लंडच्या लोकांनी हे नेमकं ओळखलं. तिथे जुगार कायदेशीर आहे आणि त्यावर देखरेख करणारा गॅम्बलिंग कमिशन नावाचा आयोग आहे. या आयोगाने मे २०१९ पासून नियम केला की ग्राहकाची ओळख खेळू देण्याआधीच तपासायची. जी माहिती आधी मागता आली असती, ती पैसे काढताना अट म्हणून पुढे करायची नाही. २०२१ मध्ये ते ‘विनंती रद्द करा’ प्रकरणही कायमचं बंद केलं. जुगार बरा की वाईट या वादात न पडता त्यांनी फक्त बाहेरचं दार रुंद केलं. मला ही दृष्टी फार आवडली.

आपल्याकडचा जुना मटका आठवा. (मी मटक्याची तरफदारी करत नाही, मटक्याने किती घरं बसली ते आमच्या पिढीने पाहिलं आहे.) एका आकड्याला नऊ पट मिळायचे. आकडे दहा, पैसे नऊ पट, म्हणजे दहातला एक रुपया चालवणाऱ्याचा. धंदा बेकायदा, पण हिशेब नाक्यावरच्या कुठल्याही माणसाला तोंडपाठ. आताच्या ॲपवर चौदा पानांच्या अटी असतात आणि खरा हिशेब बाराव्या पानावर.

आता कराचं. हे बऱ्याच जणांना नीट माहीत नसतं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पूर्वी दहा हजारांच्या वर जिंकलं तर कर कापत. २०२३ च्या वित्त कायद्याने ऑनलाइन खेळांसाठी ही मर्यादा काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कपात आली. म्हणजे वर्षभरात दहा हजार भरले आणि पंधरा हजार काढले, तर पाच हजारांवर दीड हजार कर कापून हातात साडेतेरा हजार. पैसे काढलेच नाहीत तरी ३१ मार्चला खात्यात पडलेल्या जिंकलेल्या रकमेवर कपात होतेच. आणि हरलेले पैसे पगारातून वजा करून मिळत नाहीत, पुढच्या वर्षीही नेता येत नाहीत. त्यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून भरतानाच २८ टक्के जीएसटी आला. म्हणजे शंभर भरले की सुमारे २२ रुपये दारातच गेले. काही कंपन्यांनी ती तूट ‘बोनस’ म्हणून भरून दाखवली. कुठला बोनस, ते वर लिहिलंच आहे.

या कराबद्दल माझी तक्रार नाही. छापलेला, जाहीर केलेला, सगळ्यांना सारखा असा कर मला चालतो. त्यातली एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा: खरा कर मिळणाऱ्या रकमेतून कापला जातो. ‘तुमचे ऐंशी हजार तयार आहेत, आधी कराचे चोवीस हजार आमच्याकडे भरा’ असं जो म्हणतो तो चोर. त्याच्याकडे ऐंशी हजार नाहीत, त्याला तुमचे चोवीस हवे आहेत.

कॅश कार्डाचंही तसंच. बँकेच्या पासबुकात नोंद दिसू नये, घरी कळू नये, म्हणून काही जण जिंकलेले पैसे कुठल्याशा वॉलेटमध्ये आणि तिथून प्रीपेड कार्डावर घेऊ बघतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकेतर कंपन्यांच्या पूर्ण केवायसी झालेल्या अशा कार्डांवर एका वेळी दोन हजार आणि महिन्याला दहा हजार, एवढीच रोख काढायची मुभा दिली. केवायसी अर्धवट असेल तर रोख शून्य. चाळीस हजार जिंकलेल्याने चार महिने धरून वीस वेळा एटीएमची पायरी चढायची, आणि कार्डवाल्याचं शुल्क दर खेपेला वेगळं. लपवण्याची ही किंमत. पण हीसुद्धा छापलेली मर्यादा आहे, आणि ती कोणासाठी आहे हे कळतं.

न छापलेली मर्यादा एकच, ती म्हणजे समोरच्याकडे पैसे आहेत का. पडद्यावरचा आकडा म्हणजे पैसा नव्हे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना फुल टिल्ट पोकरचं प्रकरण आठवत असेल. १५ एप्रिल २०११ ला तिथल्या सरकारने ती साइट ताब्यात घेतली, आणि सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार खेळाडूंचे देणे होते सुमारे ३९ कोटी डॉलर, बँकेत होते सुमारे ६ कोटी. तोवर प्रत्येकाच्या खात्यात आकडा अगदी बरोबर दिसत होता, पैशापर्यंत चोख. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे परत मिळायला फेब्रुवारी २०१४ उजाडलं, तेही सरकार मधे पडलं म्हणून.

आपल्याकडे मधे कोण पडणार? २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले, लोकांना शिल्लक काढून घ्यायला सांगितलं. बंदीला माझा विरोध नाही. पण खेळायची खाज कायद्याने जात नाही. ती मंडळी आता व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ देणाऱ्यांकडे आणि परदेशी साइटकडे वळली आहेत, आणि तिथे काढायची खिडकीच नाही. तिथे फक्त एक माणूस आहे, तो फोन उचलेल तोवर.

आपल्याच नात्यातला एक मुलगा. ज्यांनी ओळखलं असेल त्यांनी ओळखल्याचं दाखवू नये, ही विनंती. असाच एक ‘आयडी’ घेऊन खेळत होता. साडेचार हजार जिंकला आणि ते खरोखर त्याच्या पगाराच्या खात्यात आले. घरात कोणाला काही बोलला नाही, मित्रांना मात्र पेढे. तीन आठवड्यांनी खातं गोठलं. पगार आत, गृहकर्जाचा हप्ता बाहेर थांबलेला. बँकेने एक तक्रार क्रमांक दिला आणि दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलीस ठाण्याचं नाव सांगितलं, बस.

झालं होतं असं की हे साइटवाले जिंकणाऱ्याला स्वतःच्या खात्यातून पैसे देतच नाहीत. भाड्याने घेतलेल्या परक्या खात्यांतून देतात, आणि त्याच खात्यांतून इतर फसवणुकीचा पैसाही फिरत असतो. कोणी तरी लुबाडला गेला, त्याने १९३० वर तक्रार केली, पैशाचा माग काढत पोलीस या खात्यापर्यंत आले. म्हणजे त्याने जिंकलेले साडेचार हजार कुठल्या तरी गावच्या, माझ्याच वयाच्या पेन्शनराचे असू शकतात. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. हरल्याचं त्याला कधी एवढं लागलं नव्हतं.

म्हणून आई-बापांना माझं सांगणं एवढंच आहे की ‘किती हरलास’ हे नंतर विचारा. आधी विचारा, आलेले पैसे कोणाच्या नावाच्या खात्यातून आले. पासबुकात पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. दर वेळी वेगळं, अनोळखी नाव दिसत असेल तर त्याच दिवशी थांबवा.

त्या मुलाने त्या ठाण्याला दोन अर्ज पाठवले आहेत, सोबत सहा महिन्यांचं खात्याचं विवरण आणि कंपनीचं पगारपत्रक. साडेचार हजार अडकवून ठेवा आणि बाकीचं खातं मोकळं करा, एवढंच मागणं आहे. अजून उत्तर नाही. हप्ता सध्या त्याचे सासरे भरताहेत, आणि त्यांना कारण वेगळं सांगितलेलं आहे. आपल्यापैकी कोणी वकील असं काम केलेला असेल तर मला फोन करावा, संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.