गाळ कोण मोजणार?

धरण भरले की आपण नाशिककर निश्चिंत होतो. ‘शंभर टक्के’ हा आकडा वाचून वर्षाची चिंता मिटली असे मानतो. पण शंभर टक्के म्हणजे नेमके किती पाणी? दर पावसाळ्यात डोंगरावरची माती वाहून येते, धरणाच्या तळाशी बसते आणि पाण्याची जागा अडवते. निफाड तालुक्यातला नांदूर-मधमेश्वरचा बंधारा शतकाहून जुना. गाळ साचून तेथे पाणथळ तयार झाली. १९८६ साली ती पक्षी अभयारण्य झाली, पुढे रामसर यादीत गेली. पक्ष्यांचे भले झाले. साठ्याची जागा मात्र घटली.

गाळ मोजण्याचे शास्त्र आपल्या दारात आहे. दिंडोरी रस्त्यावरची ‘मेरी’ ही संस्था १९५९ पासूनची. उपग्रहाच्या चित्रांवरून निरनिराळ्या पातळ्यांना पाण्याचा फैलाव मोजला की धरणाची आजची क्षमता काढता येते. उपग्रहाला न दिसणाऱ्या तळासाठी नावेतून ध्वनिलहरी सोडून खोली मोजतात.

नाशिक आणि जायकवाडी यांचा पाणीवाद टक्क्यांवरच लढला जातो. माप जुने असेल तर न्याय कसा होणार? म्हणून माझे म्हणणे एवढेच, की साठ्याच्या आकड्याशेजारी क्षमता कोणत्या साली मोजली तेही मराठीत छापावे. आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी यंत्र चालवणार नाही. पण हा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही.