मालवाहू विमाने : सवलत कोणाला, सोय कोणाची?

स्वातंत्र्य मिळून पुरते दीड वर्षही झाले नव्हते, तेव्हा १९४९ च्या जानेवारीअखेर या देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरी परतत. राष्ट्रीयीकरणानंतर ही सेवा इंडियन एअरलाइन्सने चालविली आणि १९७३ साली ती बंद पडली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मेम्फिस येथे फेडरल एक्सप्रेस या खासगी कंपनीने १४ लहान विमानांनिशी नेमक्या याच पद्धतीने धंदा सुरू केला. पहिल्या रात्री तिच्याकडे अवघी १८६ पुडकी होती. आज तिच्या ताफ्यात शेकडो विमाने आहेत. नागपूरची कल्पना नागपूरने सोडली आणि मेम्फिसने तिच्यावर साम्राज्य उभारले.

मालवाहू विमानांचा प्रश्न आज चर्चिला जातो तो केवळ कंपन्यांच्या अडचणी आणि संधी यांच्या भाषेत. या अडचणी खोट्या नाहीत. जगातील हवाई मालापैकी जवळजवळ निम्मा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. तेथे फेरीचा मुख्य खर्च प्रवाशाच्या तिकिटातून निघालेला असतो. निव्वळ मालवाहू विमानाला मात्र प्रत्येक पैसा मालातूनच मिळवावा लागतो. प्रवासी गेला की बहुधा परत येतो. खोके परत येत नाही. त्यामुळे एका दिशेने भरलेले विमान दुसऱ्या दिशेने अर्धे रिकामे उडते. विमानाचे इंधन अजून वस्तू व सेवा कराच्या बाहेर असून त्यावर राज्याराज्यांचा वेगवेगळा कर आहे. महाराष्ट्राने २०२३ साली मुंबई, पुणे व रायगडपुरता तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, तरी बोजा संपलेला नाही. शिवाय भारतीय कंपन्यांची बहुतेक मालवाहू विमाने वीस-पंचवीस टन माल नेणारी, मध्यम पल्ल्याची आहेत. अमेरिका-युरोपचा थेट प्रवास करणारी शंभर टनी विमाने परदेशी कंपन्यांची आहेत.

या व्यवसायाचा इतिहासही अपयशांनी भरलेला आहे. नागपूर केंद्र धरून २००९ साली सुरू झालेली डेक्कन ३६० ही कंपनी २०११ साली बंद पडली. हैदराबादच्या फ्लाइंग्टन कंपनीने नवी मालवाहू विमाने मागविली; तिचे एकही विमान उडाले नाही. टिकली ती १९९६ पासून विमाने उडविणारी ब्लू डार्ट, कारण विमानापूर्वीच तिच्यापाशी गावोगावच्या कुरियरचे जाळे आणि रोजचा ठरलेला माल होता. पुढे तिच्या मूळ कंपनीची सूत्रे डीएचएल या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेली. २०२३ साली ॲमेझॉनने भारतात स्वतःच्या मालासाठी विमाने भाड्याने घेतली, त्यामागील हिशेबही हाच आहे. या धंद्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो : ज्याच्या हाती माल, त्याचेच विमान टिकते.

मग या देशात रोजचा, खात्रीचा आणि सर्वदूरचा माल कोणाच्या हाती आहे? सुमारे एक लाख चौसष्ट हजार कार्यालये असलेल्या टपाल खात्याच्या. लसी व औषधे खरेदी करणाऱ्या सरकारी आरोग्ययंत्रणेच्या. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या. २००७ साली टपाल खात्याने ईशान्य भारतासाठी स्वतंत्र मालवाहू विमान भाड्याने घेतले होते. म्हणजे ही गोष्ट कल्पनेतली नव्हे. २०२० च्या मार्चअखेर प्रवासी विमाने थांबली आणि त्यांच्या पोटातली जागा एका रात्रीत नाहीशी झाली, तेव्हा देशाच्या कोपऱ्यांत औषधे पोचविण्यासाठी ‘लाइफलाइन उडान’ या नावाने मुख्यतः एअर इंडिया व हवाई दलाची विमाने कामी आली. संकटाच्या दिवशी ज्या सार्वजनिक यंत्रणेकडे धाव घेतली, तिची विमान कंपनी २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे गेली. खासगी मालकाकडून अशी सेवा कोणत्या अटींवर घ्यावयाची, हे शांततेच्या काळातच ठरवावयास हवे होते.

सरकारचे धोरण मात्र सवलतींवर थांबले आहे. २०२० साली परदेशी मालवाहू विमानांच्या अनियमित फेऱ्या सहा मोठ्या विमानतळांपुरत्या मर्यादित केल्या गेल्या. देशी व्यवसायाला संरक्षण देणे चूक नव्हे. पण संरक्षणाबरोबर कर्तव्य येते, त्याचा उल्लेख कोठे आहे? २०२१ च्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या ‘कृषी उडान २.०’ मध्ये निवडक विमानतळांवर भारतीय मालवाहू विमानांना उतरण्याचे व थांबण्याचे शुल्क माफ झाले. योजनेला नाव शेतकऱ्याचे, माफी विमानाच्या मालकाला. ती माफी मालाच्या दरात किती उतरली, हे शेतकऱ्याला त्याच्या पावतीवर कधी दिसावे?

येथे भाबडेपणाही नको. नाशिकची द्राक्षे युरोपात जहाजाने जातात, नागपूरची संत्री ट्रकने आणि रेल्वेने. बहुसंख्य शेतमालाला विमान परवडणार नाही, आणि परवडेल असे सांगणे ही फसवणूक आहे. विकिरण करून अमेरिकेस जाणारा हापूस, फुले, लसी, औषधे अशा मोजक्या वस्तूंसाठीच विमान. म्हणूनच त्या मोजक्या जागेवर कोणाचा हक्क, हा प्रश्न अधिक टोकदार होतो.

स्वस्ताईचा भार शेवटी श्रमिकांच्या अंगावर पडतो, हेही विसरता येत नाही. अमेरिकेत २०११ साली वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम झाले; रात्री उडणाऱ्या मालवाहू वैमानिकांना मात्र खर्चाचे कारण पुढे करून त्यांतून वगळले गेले. २०१३ साली बर्मिंगहॅम येथे यूपीएसचे विमान पहाटेच्या अंधारात कोसळून दोघे वैमानिक मेले; चौकशीत थकवा हे साहाय्यक कारणांपैकी एक ठरले. वैमानिकांची ही कथा, तर मालतळावर रात्रभर खोकी उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराची काय असेल?

नागपूरजवळ मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी, दहेगाव येथील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. देशाच्या मध्यभागी मालाचे आंतरराष्ट्रीय केंद्र होणार, असे त्यांना सांगण्यात आले होते. काही उद्योग आले. ते केंद्र मात्र स्वप्नातच राहिले. पुनर्वसनासाठी गावकऱ्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

एअर इंडियाचा तोटा दाखवून कोणी म्हणेल की सरकारने यात पडूच नये. परंतु सरकारने विमानेच विकत घ्यावीत, असे कोणी म्हणत नाही. टपाल, औषधे व सहकारी संस्थांचा माल एकत्र करून त्याची दीर्घ मुदतीची हमी द्यावी. त्या हमीवर नागपूरहून रात्रीची सेवा चालवावी. आणि बदल्यात कंपनीकडून जाहीर दर, सहकारी संस्थांसाठी राखीव जागा, विश्रांतीचे पक्के नियम व मालतळावरील कामगारांना कायम नोकरी या चार अटी लिहून घ्याव्यात. कंपनीलाही यात तोटा नाही. तिला हवा असलेला खात्रीचा माल याच मार्गाने मिळेल.

विमान हा श्रीमंतांचा विषय, असे मानून कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. जमीन शेतकऱ्याची, शुल्कमाफी जनतेच्या पैशाची, रात्रपाळी कामगाराची. तिघांनी दिले आहे, तर हिशेब मागण्याचा अधिकारही तिघांचा आहे. तो मागण्याचे काम संघटनेनेच करावयाचे आहे.