बेल्ट नंतर, आधी गाडीवर चढणं कमी करा



18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात बोट उलटली. शाळेची 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. सगळ्यांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. तेव्हापासून वडोदऱ्यात पाण्यावरच्या सुरक्षेबद्दल सगळे बोलतात, बोललंच पाहिजे. पण पाणीगेटला पहाटे आपली बर्फाची, मासळीची गाडी लागते आणि आपलीच पोरं ओल्या चपला घालून क्रेटच्या थप्पीवर उभी राहतात, त्याबद्दल कोण बोलतं?

ट्रकचा तळ जमिनीपासून साधारण चार फूट. वर थप्पी लागली की माणूस नऊ फुटांवर जातो. आणि खाली पाणी नसतं, डांबर असतं.

काही मालक म्हणतात, बेल्ट आणून देऊ, विषय संपला. आम्हाला हे पटत नाही. बेल्टची दोरी साधारण सहा फुटांची असते. ती पायाजवळ अडकवली आणि माणूस नऊ फुटांवरून पडला, तर दोरी ताणली जायच्या आधीच तो जमिनीवर आपटतो. बेल्ट कामाला येतो तो डोक्याच्या वर पक्का आधार असला तर. उघड्या ट्रकवर तसा आधार आहे कुठे?

ब्रिटनमध्ये 2005 पासून उंचीवरच्या कामाचा नियम आहे. त्यातला क्रम सरळ आहे: आधी वर चढायचं टाळा, ते जमत नसेल तर पडणं रोखा, तेही जमत नसेल तर पडल्यावर लागणार कमी असं बघा. आपण उलट्या टोकाने सुरुवात करतोय.

म्हणून आमचं म्हणणं असं. ताडपत्री खालूनच दोऱ्या टाकून ओढायची. थप्पी खांद्याच्या वर न्यायची नाही. चढायचंच असेल तर बांधलेली शिडी हवी, चाकावर किंवा फाळक्यावर पाय देऊन चढायचं नाही. तळावरचं बर्फाचं पाणी आधी झाडून काढायचं. आणि माल उतरेपर्यंत गाडीची चावी मुकादमाच्या खिशात, म्हणजे वर माणूस असताना गाडी हलणार नाही.

वेळ जातो, बर्फ वितळतो, हे आम्हालाही कळतं. पण बर्फ पुन्हा विकत मिळतो, मोडलेला मणका नाही.

एक गोष्ट घरच्यांनीही बघावी. मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 5 लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख मिळतात. पण नाव नोंदलेलं असेल तरच. आपल्या माणसाचं नाव आहे का, हे आजच तपासा. रोजावर आलेल्या हमालाचं बहुधा नसतंच. त्याची जबाबदारी कोणाची, हे पुढच्या सभेत ठरवूया. मालकांनी जरूर यावं.