खडकातील छिद्र आणि मजुराची छाती

खडक बाहेरून घाव घालून फारसा फुटत नाही. तो आतून फोडावा लागतो. त्यासाठी त्यात आधी छिद्र पाडायचे, मग त्या छिद्रात दारू ठासून सुरुंग उडवायचा किंवा पाचरी ठोकून त्याला रेषेत चिरायचे. रस्ता असो, धरण असो, रेल्वेचा बोगदा असो की शहरातल्या बंगल्याच्या अंगणातली फरशी असो, प्रत्येकाचा आरंभ अशा एका वीतभर किंवा पुरुषभर खोल छिद्रापासून होतो. विकासाच्या गणितात सिमेंटची पोती मोजली जातात, स्फोटकांची तर कांडीन् कांडी नोंदली जाते. छिद्र पाडणाऱ्या माणसाच्या छातीत किती धूळ गेली, याची नोंदवही मात्र बहुतेक खाणींवर सापडत नाही.

हे काम हजारो वर्षे हातानेच होत आले. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा. भोर घाटातील रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात असाच कोरला गेला. पंचवीस बोगदे आणि एका वेळी चाळीस हजारांवर मजूर असे ते काम होते. पटकी, ताप आणि अपघात यांत हजारो माणसे तेथे मेली. त्या राबणुकीचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. परंतु हातच्या पहारीची धूळ थोडी असे, हेही खरे. दाबाच्या हवेवर चालणारे यंत्र आले आणि दिवसाचे छिद्र मिनिटांत पडू लागले. मजुराच्या खांद्यावरचा घण उतरला व त्याच्या नाकातोंडात धुळीचा लोट शिरू लागला. दोष यंत्राचा नव्हे. यंत्राने वाचविलेला वेळ मालकाकडे गेला आणि यंत्राने उडविलेली धूळ मजुराकडे गेली, ही वाटणी यंत्राने केलेली नाही.

जॅकहॅमरची रचना पाहिली की सारे स्पष्ट होते. पोलादी दांडा पोकळ असतो. छिद्रात साचणारा चुरा बाहेर फेकण्यासाठी त्या पोकळीतून हवा सोडतात. तो चुरा येतो सरळ यंत्रावर ओणवलेल्या माणसाच्या तोंडावर. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ नाकात अडते, थुंकीवाटे पडते. जी दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. खडकात गारेचा, म्हणजे सिलिकेचा अंश जास्त असला की हे सूक्ष्म कण तेथील पेशींना मारतात, त्या जागी व्रण धरतात आणि मऊ फुप्फुस हळूहळू घट्ट होत जाते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. या रोगावर औषध नाही. काम सोडले तरी तो थांबेलच असे नाही. शिवाय तो क्षयाला आमंत्रण देतो. गावच्या दवाखान्यात क्ष-किरणाच्या फोटोवर डाग दिसतो, क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, खोकला हटत नाही, पुन्हा गोळ्या. खाणीत काय काम करीत होतास, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिले जाते आणि खाणमालकाचे नाव कायमचे पुसले जाते.

या रोगावर औषध नसले तरी त्याला अटकाव करण्याचा उपाय आहे, आणि तो सव्वाशे वर्षांचा जुना आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतात जॉन जॉर्ज लेनर याने १८९७च्या सुमारास पोकळ दांड्यातून हवा सोडणारे यंत्र बनविले. धूळ इतकी उडाली की खाणकामगारांनी ते हाती धरायचे नाकारले. तेव्हा लेनरने त्याच पोकळीतून हवेबरोबर पाणी सोडले. धूळ छिद्रातच चिखल होऊन बाहेर ओघळू लागली. ही सुधारणा मालकाच्या कळवळ्यातून आली नाही, मजुरांच्या नकारातून आली. कामगार चळवळीच्या इतिहासात हा तपशील सहसा कोणी सांगत नाही.

उपाय माहीत असूनही तो न वापरल्याचे सर्वांत भीषण उदाहरण याच देशात, वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट बोगद्यात घडले. १९३० व १९३१ मध्ये सुमारे तीन हजार माणसांनी तो डोंगर आरपार खोदला. त्यांतील बहुसंख्य दक्षिणेकडून कामाच्या शोधात आलेले काळे मजूर होते. डोंगरात जवळजवळ शुद्ध सिलिका लागली, तरी काम लवकर उरकावे म्हणून छिद्रे कोरडीच पाडली गेली. १९३६ साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे ४७६ मृत्यूंचा आकडा आला. १९८६ मध्ये मार्टिन चेर्नियाक यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो ७६४ पर्यंत गेला. बोगदा बांधून घेणारी कंपनी युनियन कार्बाइडची उपकंपनी होती. १९८४च्या डिसेंबरमध्ये भोपाळमध्ये जे नाव साऱ्या जगाला कळले, तेच हे नाव.

भारतालाही हे अपरिचित नव्हते. कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी म्हैसूर संस्थानाने १९४० सालीच सिलिकोसिसविषयी स्वतंत्र नियम केले. त्याच दशकातील तपासणीत तेथील चाळीस टक्क्यांहून अधिक कामगारांत हा रोग आढळला. पुढे १९६१च्या धातुखनिज खाण विनियमांनी धूळ तिच्या उगमापाशीच दाबण्याचे बंधन घातले. फरीदाबादच्या दगडखाणींसंबंधी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर १९८३ रोजी जो निकाल दिला, त्यात न्या. भगवती यांनी खडीच्या यंत्रांबाबत अगदी घरगुती भाषेत उपाय सांगितला: यंत्रावर पाण्याचे पिंप ठेवून सतत फवारा मारा, नाही तर धूळ ओढून घेणारे यंत्र बसवा. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला पाण्याचे पिंप कोठे ठेवावे हे सांगावे लागले, यावरून खालच्या यंत्रणेची कर्तबगारी ओळखावी.

कायद्यात पळवाटाही होत्या. १९५२च्या खाण कायद्याने इमारतीचा दगड, मुरूम वगैरेंच्या लहान खाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट दिली होती. पण उघड्या खाणीला ती हवी असेल तर खोली सहा मीटरपेक्षा जास्त नको, माणसे पन्नासांहून अधिक नकोत आणि स्फोटके मुळीच नकोत, अशी अट होती. म्हणजे जेथे सुरुंग उडतो तेथे सूट नाही. आता २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो कायदा पोटात घेतला आहे. परंतु कायदा जुना असो वा नवा, हजेरीपटावर ज्याचे नावच नाही त्याला तो कोठे गाठणार? मुकादम आजचा, खाण उद्या दुसऱ्याची, आणि रोग बाहेर पडतो दहा-पंधरा वर्षांनी. तोवर पुरावा म्हणून मजुराजवळ फक्त त्याची छाती उरते.

राजस्थानची गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. जोधपूर, करौली, धौलपूरचा वालुकाश्म म्हणजे बव्हंशी सिलिकाच. फरशी अखंड निघावी म्हणून तेथे अनेक ठिकाणी रांगेने छिद्रे पाडून पाचरींनी दगड चिरतात. स्फोट नाही, पण धूळ तीच. मजुरांच्या व त्यांच्या विधवांच्या दीर्घ झगड्यानंतर त्या राज्याने २०१९ साली न्यूमोकोनिओसिस धोरण जाहीर केले. रोग प्रमाणित झाल्यावर तीन लाख रुपये, मृत्यूनंतर वारसांना दोन लाख, शिवाय मासिक निवृत्तिवेतन. इतर अनेक राज्यांच्या मौनापुढे हे मोठे पाऊल आहे आणि त्याचे श्रेय लढणाऱ्यांनाच दिले पाहिजे. तथापि ही रक्कम सरकारी यंत्रणेतून व सार्वजनिक निधींतून येते. कोणत्या खाणीत, कोणाच्या यंत्रावर ही धूळ खाल्ली, हे ठरविल्यावाचूनही ती मिळते. मजुराच्या दृष्टीने ही सोय आहे, कारण मालक सिद्ध करीत बसला तर तो आधीच मरेल. पण मालकाच्या दृष्टीने ती त्याहून मोठी सोय आहे. कोरडे छिद्र त्याला अजूनही ओल्या छिद्रापेक्षा स्वस्तच पडते.

यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. मरुभूमीत पाणी आणायचे कोठून? आणि मजूरच ओले काम नको म्हणतो, त्याचे काय? पहिल्या उत्तरात थोडे तथ्य आहे. पण जेथे पाणी खरोखरच नाही तेथे छिद्राच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारी यंत्रे बसविता येतात. कंप्रेसरला डिझेल पोचते तेथे हेही पोचू शकते. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. मजूर नको म्हणतो, कारण मजुरी छिद्राच्या फुटावर ठरते आणि पाण्याची नळी सांभाळताना फूट कमी पडतात. म्हणजे स्वतःच्या फुप्फुसाचा सौदा त्याला रोजच्या भाकरीशी करावा लागतो. उक्ते दर मोडून दिवसाची पुरेशी मजुरी मिळाल्याखेरीज पाण्याची नळी कितीही मोफत वाटली तरी ती कोपऱ्यात पडून राहील. तोंडाला गुंडाळलेला पंचा हे तर उत्तरच नव्हे. त्यातून सूक्ष्म धूळ सहज पार होते.

महाराष्ट्राचा काळा कातळ या बाबतीत काहीसा सौम्य आहे. बेसाल्टात मोकळी सिलिका फार थोडी असते. म्हणून सह्याद्रीत विहिरीचे सुरुंग घेणाऱ्या वडाराची छाती वालुकाश्म फोडणाऱ्याइतक्या लवकर जात नाही. पण कोणतीही दगडी धूळ वर्षानुवर्षे ओढणे निर्धोक नाही. शिवाय महाराष्ट्र म्हणजे केवळ बेसाल्ट नव्हे. पूर्व विदर्भात आणि सिंधुदुर्गात गारेचे खडक आहेत, सिंधुदुर्गात कासार्ड्याच्या परिसरात सिलिका वाळू निघते. तेथील खाणमजुरांच्या छातीची तपासणी करावी, ही मागणी जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आरोग्य खात्याकडे आजच करता येण्याजोगी आहे. त्याहून सोपी एक गोष्ट आहे. या राज्यात दगडाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक स्वतः सरकार आहे. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांच्या निविदांत खडीचा आकार मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. छिद्र ओले पाडले जाईल, पाडणाऱ्याचे नाव हजेरीपटावर असेल आणि मजुरी दिवसावर मिळेल, ही तीन वाक्ये त्याच निविदेत घालायला नवा कायदा लागत नाही. खात्याच्या सचिवाची सही लागते.